पुढचा गेम मीच होतो

मी गेम बोलतोय. मोबाइलवरचा दोन मिनिटांचा नव्हे. ज्याच्यात अख्खं राज्य असतं, डोंगर, नद्या, गावं, घोडे, आणि जिकडे पाय नेतील तिकडे जायची मोकळीक असते, तसला. तुम्ही माझ्यात एक माणूस निवडता, त्याला नाव देता आणि निघता. दोन-दोन महिने संपत नाही मी. म्हणजे संपलो नसतो. मला कोणी खेळलंच नाही.

माझा जन्म गोंदियाच्या बाजारात, जिन्याखालच्या एका दुकानात झाला. २०१३चा डिसेंबर होता. दुकानदार टेकचंदनं कोरी चकती ट्रेमध्ये घातली, कुठूनतरी आणलेलं राज्य दाबून दाबून तिच्यात कोंबलं आणि काळ्या मार्करनं माझ्या अंगावर नाव लिहिलं. मी नकली होतो. लाज वाटली नाही. त्या दुकानात सगळेच नकली होते.

त्याच दिवशी कामठ्याहून बहीणभाऊ आले. दीप्ती वीस वर्षांची, संघदीप सतरा. टेकचंदनं काउंटरवर तीन चकत्या मांडल्या, मधला मी.

"ये बर्फवाला. ये खाली मारामारी. और इसमें मैप बहुत बड़ा है, घूमते रह."

"मारामारीवाला घेऊ," संघदीप म्हणाला.

"मागचा तुह्या पसंतीचा होता. आता माही बारी." मग दीप्ती टेकचंदकडे वळली. "इसमें लड़की बन सकते क्या?"

"बन सकते."

"और जो काम दिया वो छोड़के इधर-उधर घूमे तो कोई चिल्लाता क्या?"

"कोई नहीं चिल्लाता. काम वैसाच पड़ा रहता."

"चलते-चलते थकती क्या वो?"

"थकती ना. नीचे हरी पट्टी रहती, दौड़े तो खाली होती. थोड़ा खड़े रहो, वापस भर जाती."

दीप्तीला हसू आलं. "हाच घेऊ," ती भावाला म्हणाली.

"घे. म्हाताऱ्या बाईवानी चालत राहा मंग त्याच्यात."

असा मी निवडला गेलो. तीन प्रश्नांत. नंतर कळलं की त्या पोरीला आयुष्यात निवडायला मिळालेली सगळ्यात मोठी गोष्ट मीच होतो.

कामठ्याच्या घरात कॉम्प्युटर आला होता तो दीप्तीच्या एमएससीआयटीसाठी. सर्टिफिकेट मिळालं, फ्रेम होऊन भिंतीवर लागलं, आणि आता या डब्याचं काय करायचं हे मोठ्यांना कळेना. ते पोरांनी ठरवलं. नियम असा की चालू गेम दोघांनी मिळून संपवायचा आणि पुढचा आधीच निवडून आणून ठेवायचा. तो स्पीकरला टेकून उभा राहणार, त्याला हात लावायचा नाही. तेव्हा वाळवंटातला एक गेम चालू होता, म्हणून मी स्पीकरला टेकलो. मार्करनं लिहिलेलं नाव कोणी घेतलं नाही. "पुढचा" म्हणायचे मला.

संघदीपनं हा नियम कधी पाळला नव्हता. मागचे तिन्ही गेम त्यानं दीप्ती कॉलेजला गेल्यावर गुपचूप लावले होते. सेव्ह केल्याची तारीख आणि वेळ गेममध्ये दिसते, एवढं त्या शहाण्याला सुचत नव्हतं.

"चोट्टा आहेस तू," दीप्ती म्हणायची. "पंधरा तारखेले दुपारी एक वाजता कोन खेळलं? भूत आलतं का घरात?"

"पाहून राहिलो होतो ना, चालते का नाही."

"सहा तास पाहून राहिला होता?"

मलाही तो असाच एखाद्या दुपारी लावेल म्हणून मी वाट पाहायचो.

दीप्ती मधून मधून पडून राहायची. हातपाय, पाठ, सगळं एकदम ठणकायचं, डोळे पिवळे व्हायचे. दोन-तीन दिवस भिंतीकडे तोंड. संघदीपला घरच्यांनी सांगितलं होतं की ताईला कमजोरी आहे. त्यानं ते मानलं. खरं असं होतं की ती शाळेत असताना आरोग्याची टीम आली होती, पोरापोरींचं रक्त तपासलं होतं आणि दीप्तीला लाल कार्ड मिळालं होतं. सिकलसेल. साधी वाहक नव्हे, पक्का आजार. भरपूर पाणी प्यायचं, गोळी रोज घ्यायची, जड काम नाही, गार पाण्यात राहायचं नाही, आणि कुठल्याही दवाखान्यात गेलं की आधी हे कार्ड दाखवायचं, असं त्यावर लिहिलेलं होतं.

ते कार्ड देवीदासनं कपाटात कुलपात ठेवलं. देवीदास म्हणजे यांचा बाप. कचेरीत बाबू. चौदा एप्रिलला विहारासमोर माईक हातात आला की तासभर विज्ञान, शिक्षण, अंधश्रद्धा. बोलतो चांगलं. टाळ्या खिडकीतून मला ऐकू यायच्या. आणि घरात पोरीचं रक्त लपवतो.

मार्चमध्ये पाहुणे आले. मुलगा बुद्धभूषण, तिरोड्याकडचा. चोरखमारा तलावाच्या पाण्यावर धानाची शेती, घरी आई, रुख्माबाई. माणसं वाईट नव्हती. बोलणी माझ्यासमोरच झाली, कारण बैठकीची खोली तीच.

"पोरीची तब्येत बरी राहते ना जी?" रुख्माबाईनं विचारलं.

"एकदम ठणठणीत," देवीदास म्हणाला. हातातला चहाचा कप हललासुद्धा नाही.

पाहुणे गेल्यावर आईनं, सुमनबाईनं, कपाट उघडलं आणि कार्ड पोरीच्या हातात दिलं.

"चुलीत टाक."

"आई, त्यायले सांगून टाका ना. निदान बुद्धभूषणले."

"सांगतलं का मोडलं समज. मंग कोन येनार आहे? जनमभर बसतेस का या डब्यासमोर?"

"मीच सांगीन मंग."

"संघदीपच्या डोक्याची शपथ आहे तुले. कोनाले एक शब्द सांगतला तं पाय."

शपथेवर दीप्तीचा विश्वास नव्हता. पण भावाच्या डोक्यावर प्रयोग करून पाहायची तिची हिंमत झाली नाही. आयांना हे बरोबर माहीत असतं.

ती चुलीकडे गेली नाही. माझ्याकडे आली. मला पाकिटातून काढलं, कार्डाच्या मागं पेनानं लिहिलं, कार्ड दुमडून आत सरकवलं आणि वर मला ठेवलं. तिनं लिहिलं होतं: "संघदीप, हे बुद्धभूषणच्या घरी नेऊन दे. मी कोणाले काही सांगतलं नाही."

तिचं डोकं बरोबर चाललं होतं. भाऊ चोट्टा आहे. आठ दिवसांत पुढचा लावणार म्हणजे लावणार. पाकीट उघडलं की कार्ड सापडेल, आणि त्याच्या पोटात गोष्ट राहत नाही. लग्नाआधी सगळ्यांना कळेल, तिला एक शब्द न बोलता.

संघदीपनं मला हात लावला नाही.

ताई जाणार म्हटल्यावर पोरगा बदलला होता. भांडायचा नाही, तिच्या ताटात भाजी वाढायचा. रोज फडक्यानं माझं पाकीट पुसायचा आणि होतं तसं ठेवून द्यायचा. चीड यायची मला. इतके दिवस चोरी केलीस, आताच कुठून आला हा प्रामाणिकपणा?

मे महिन्यात लग्न झालं. निघायच्या वेळी दीप्ती चप्पल शोधायच्या निमित्तानं खोलीत आली. संघदीप मागोमाग.

"पुढचा लाव आता," ती म्हणाली.

"तू आली का मंग लावू."

"माही वाट नको पाहू. लाव ना बे."

"नाही म्हनलं ना. आतापर्यंत चोट्टेपना केला, आता नाही करत. तुह्या पसंतीचा आहे तो."

"म्हनूनच सांगून राहिली ना, लाव."

तो रडायला लागला. तिला वाटलं असेल, आता आपणच पाकीट फाडून कार्ड याच्या हातात द्यावं. तिनं हात पुढे केलाही. तेवढ्यात बाहेरून देवीदास ओरडला, गाडी खोळंबली म्हणून, आणि सुमनबाई दारात येऊन उभी राहिली. दीप्तीनं चप्पल घातली.

जूनमध्ये तिचे फोन यायचे. मोबाइल नवऱ्याचा, आजूबाजूला माणसं. संघदीप आवाज मोठा करून माझ्याशेजारीच फोन ठेवायचा, म्हणून मला ऐकू यायचं. पहिला प्रश्न ठरलेला.

"लावला का?"

"नाही. पोळ्याले येशील ना, तवा लावू."

शेवटचा फोन जुलैत आला. "उद्यापासून रोवना आहे आमचा," ती म्हणाली. लगेच पुढं, "पाकीट उघडून तरी पाय एकदा. बुरशी-गिरशी लागली असन."

"नाही लागली. मी रोज पुसतो."

पुढचं मला घरी बसायला आलेल्या बायांच्या बोलण्यातून कळलं. रोवणा म्हणजे धानाची लावणी. चिखलपाण्यानं भरलेल्या बांधीत दिवसभर वाकून उभं राहायचं, वरून पाऊस. नव्या सुनेनं मागं राहून कसं चालेल, म्हणून ती चार दिवस पुढं राहिली. पाचव्या दिवशी छातीत दुखायला लागलं. गावात इंजेक्शन दिलं. दोन दिवसांनी गोंदियाला नेलं. तिथून ती परत आली नाही.

माणसं पांगली. एका सकाळी संघदीप कॉम्प्युटरसमोर येऊन बसला. आता कोणाची वाट पाहायची राहिली नव्हती. त्यानं मला उचललं आणि पाकीट उघडलं.

कार्ड त्याच्या मांडीवर पडलं. त्यानं पुढची बाजू वाचली, मागची वाचली, परत पुढची वाचली. मग कार्ड आणि मी, दोघांना तसंच पाकिटात घालून शर्टात खुपसलं आणि बापाची मोटरसायकल काढली.

रुख्माबाई सपरीत, घरापुढच्या पडवीत, बसली होती. बुद्धभूषणनं कार्ड मोठ्यानं वाचून दाखवलं.

"आमी का राक्षस होतो का रे बाबू?" म्हातारी म्हणाली. "सांगतलं असतं तं घरी ठेवली असती तिले. बसून राहिली असती. बांधीत कायले उतरवली असती मी?" मग स्वतःशीच, "मीच म्हनलं तिले, हात चालव. मीच म्हनलं."

बुद्धभूषण कार्डाकडेच पाहत होता. "गोंदियाच्या डॉक्टरनं इचारलं होतं, सिकलसेल आहे का म्हनून. मी नाही म्हनलं. तुह्या बाबाले बी इचारलं, माह्यासमोर."

"काय म्हनले बाबा?"

"माहीत नाही म्हनले."

संघदीप घरी आला तेव्हा देवीदास जेवत होता. पोरानं परत आणलेलं कार्ड ताटाशेजारी ठेवलं. देवीदासनं ते ओळखलं. घास हातातच राहिला.

"तिच्या भल्यासाठीच केलं रे. घर मिळावं म्हणून."

"दवाखान्यात बी?"

देवीदासनं घास ताटात ठेवला.

"सोयरे ऐकतीन म्हनून माहीत नाही म्हनलं ना तुमी? ते बी तिच्या भल्यासाठीच का?"

"बापाशी असं बोलतेत का?" सुमनबाई म्हणाली. पोरगी गेली, तरी त्या घरात बापाशी कसं बोलायचं हा प्रश्न अजून शिल्लक होता.

काही दिवसांनी संघदीपनं मला ट्रेमध्ये ठेवलं. जन्मल्यापासून पहिल्यांदा मी फिरलो. पडद्यावर पट्टी सरकू लागली, आणि एकसष्ट टक्क्यांवर थांबली. फाइल खराब. त्यानं मला काढलं, बनियनला पुसलं, परत घातलं. तीनदा. टेकचंदनं लिहिताना घाई केली होती. राज्य माझ्यात पुरतं उतरलंच नव्हतं. एवढा तोरा मिरवला, आणि मी अर्धा रिकामा.

मला खेळता आलंच नसतं. पण उघडता आलं असतं. एप्रिलमध्ये कोणीही, एकदा.

संघदीपनं मला दोष दिला नाही, टेकचंदलाही नाही. स्वतःला देतो. हे मला सहन होत नाही. ज्यांनी कुलूप लावलं, शपथ घातली, दवाखान्यात उभं राहून माहीत नाही म्हटलं, ते दोन्ही वेळ जेवतात. आणि ज्यानं आयुष्यात एकदाच शब्द पाळला तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो. कॉलेजात नाव घातलं होतं, तेही सोडलं.

मागच्या महिन्यात देवीदास एकटाच टेकचंदच्या दुकानात गेला. पोरं काय खेळतात हे त्यानं कधी वळून पाहिलं नव्हतं. परत आला तेव्हा हातात नवं पाकीट होतं.

"कोणता पाहिजे म्हणून विचारलं त्यानं," तो दारातूनच म्हणाला. "मला काय समजते? मी म्हटलं, खूप फिरता येते असा दे. हा चांगला आहे म्हणे."

संघदीप उठला नाही. देवीदास जरा वेळ उभा राहिला, मग त्यानं पाकीट स्पीकरला टेकवलं आणि गेला. आता माझ्या जागी तो आहे. मी मागं, वायरींच्या गुंत्यात आडवा.

देवीदासला मी माफ केलेलं नाही. तुम्हीही घाई करू नका. पण त्या नव्या पाकिटावर धूळ बसायला लागलीय, आणि काल तू हातात फडकं घेऊन त्याच्यासमोर उभा होतास, संघदीप. पुसू नको ते. उघड. चालेल, नाहीतर नाही चालणार. आत काही नसेलच. तरी उघड.