डावा पंख

तिने वॉटरपेपर बादलीत बुडवला, लाकडी ठोकळ्यावर ताणून बसवला आणि डावा पंख घासायला घेतला. प्रायमरचं राखाडी पाणी पंखाच्या कडेवरून फरशीवर टपकू लागलं. मागे दरवाजे काढलेली एक गाडी जॅकवर उभी होती. तिच्या मालकाचे सकाळपासून दोन फोन येऊन गेले होते. पण धाकट्या भावाचं विमान आलं की गाड्यांनी थांबायचं, असा या वर्कशॉपचा आठ वर्षांचा शिरस्ता होता.

रिमोटवर उडणारी विमानं हा धाकट्याचा छंद. लाकडी सांगाडा तो करायचा, त्यावर रेझिनमध्ये भिजवलेलं फायबरग्लासचं कापडही तोच चढवायचा. पुढचं सगळं ताईकडे. प्रायमर मारायचा, वाळू द्यायचा, आणि मग मारलेल्यातला बहुतेक घासून काढायचा. कापडाच्या विणीतली बारीक भोकं भरतील एवढाच ठेवायचा. जास्त राहिला तर विमान जड, कमी राहिला तर रंगाखालून वीण डोकावते. यंदा तर त्याने रेझिनचे ओघळही तसेच ठेवले होते. ते तासून काढताना ती त्याला मनातल्या मनात चार शब्द सुनावत होती. पण ते नेहमीचंच होतं.

डावा पंख पुसून तिने बाजूला ठेवला आणि उजवा सोडायला घेतला. तो त्याने छापील कागदांत गुंडाळून दोरीने आवळून दिला होता. दोरी कापली तसा वरचा कागद उलगडला. कागदावर धाकट्याचा फोटो होता. हातात मागच्या वर्षीचं लाल विमान, चेहऱ्यावर हसू.

त्याच्या विमानांच्या क्लबच्या मासिकाचं पान होतं ते. ‘उत्कृष्ट रंगकामाचे सलग तिसरे पारितोषिक’, आणि खाली त्याची मुलाखत.

ती उभ्याउभ्याच वाचू लागली. ‘प्रायमर लावणं सोपं असतं, तो काढणं अवघड. डोळ्यांवर विसंबू नका. डोळे मिटून तळवा फिरवा, खड्डा आपोआप सापडतो. घाई झाली की मी रंगाची गन खाली ठेवतो आणि वर्कशॉपला एक चक्कर मारून येतो.’

शेवटच्या वाक्यावर ती थांबली. ही चक्कर मारायची सवयसुद्धा तिचीच होती. तो इथे स्टुलावर बसून चहा पीत गप्पा मारायचा तेव्हा ती कामाच्या नादात बोलत राहायची, आणि हा शब्दन्‌शब्द उचलून नेत होता. तिने लेख पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिला. ‘ताई’ हा शब्द कुठेही नव्हता.

बाबांनी गन खरं तर त्याच्या हातात दिली होती. ती दारात उभी राहून बघून बघून शिकली. थिनरच्या वासाने आपलं डोकं दुखतं म्हणून तो ऑफिसात चिकटला, बाबांच्या छातीने दगा दिला, आणि पंचविसाव्या वर्षी वर्कशॉप तिच्या गळ्यात पडलं. त्याबद्दल तिने कधी चकार शब्द काढला नव्हता. आज मात्र कानशिलं तापली. कागद चुरगाळायला उचललेला हात तिने आवरला, कागदाची नीट घडी केली आणि खिळ्याला अडकवला.

मग तिने उजवा पंख उघडा तसाच भिंतीला टेकवला आणि डाव्यासाठी गडद निळा रंग कालवला. गडद रंग काही म्हणजे काही लपवत नाही. एरवी ती धाकट्याला पिवळाच घ्यायला लावायची. तिने पातळ हात मारला, मग दुसरा, मग तिसरा. रंग वाळला तेव्हा पंखात छतावरच्या नळीदिव्याची रेघ सरळच्या सरळ दिसत होती. इतकं चांगलं काम तिच्या हातून आजवर झालं नव्हतं, आणि ते तिला कळत होतं.

मंगळवारी संध्याकाळी धाकटा आला. निळा पंख बघून त्याने शीळ घातली.

“ताई, कमाल केलीस! आणि दुसरा?”

“तो काय, भिंतीला.”

“हा तर कोराच आहे.”

“हो.”

“अगं, रविवारी स्पर्धा आहे!”

“मग लाग कामाला. कसं करायचं ते तुला येतंच की. छापूनसुद्धा आलंय.”

त्याची नजर खिळ्याकडे गेली. तो ओशाळला, पण लगेच सावरला.

“ते होय! तो माणूस भराभर विचारत गेला, मी बोलत गेलो. बाहेरून करून घेतो, हे मी सांगितलं होतं त्याला.”

“बाहेरून?”

“म्हणजे... वर्कशॉपमधून.”

“वर्कशॉपला हात असतात?”

“तू उगाच फाटे फोडतेस. तिथली माणसं वेगळी आहेत, ताई. कुणी सर्जन, कुणी वैमानिक. त्यांच्यात उभं राहून सांगायचं, माझी बहीण गाड्यांचे दरवाजे...”

तो अडखळला. पण जे जायचं ते तोंडातून गेलं होतं.

तिने प्रायमरचा डबा, गन आणि ठोकळा त्याच्यासमोर ओळीने मांडले, बादलीत ताजं पाणी भरलं आणि जॅकवरच्या गाडीकडे वळली.

रागारागाने का होईना, तो बसला. रोज ऑफिस सुटलं की यायचा, बाह्या सरसावून पंख घासायचा. काही अडलं की तिकडून हाक मारायचा.

“किती नंबरचा पेपर घेऊ?”

“लेखात बघ.”

“ही भोकं भरतच नाहीत. पुट्टी लावू का?”

“मुलाखतीत काय सांगितलंयस?”

गुरुवारी त्याच्या बोटांची सालं निघाली. शुक्रवारी तो प्रायमर घासता घासता थेट कापडापर्यंत गेला. पांढरी वीण उघडी पडली, तसा त्याने ठोकळा बादलीत फेकला. पाणी तिच्या पायांवर उडालं.

“मुद्दाम करतेस तू हे!”

“हो,” ती म्हणाली. “मुद्दामच करतेय.”

लहानपणापासून ती त्याच्यावर डाफरायची आणि मागाहून त्याचं काम करून टाकायची. या वेळी ती ते करणार नव्हती. त्याने बाही वर सारली, बादलीत हात घालून ठोकळा शोधला आणि पुन्हा घासू लागला. शनिवारी तो विमान घेऊन गेला, तो ‘येतो’ असंही न म्हणता.

रविवारी तिने वर्कशॉप बंद ठेवलं आणि स्पर्धेचं मैदान गाठलं. आठ वर्षांत ती इथे कधी आली नव्हती, तिला कुणी बोलावलंही नव्हतं. दोरीमागे गर्दीत ती उभी राहिली. विमानं ओळीने मांडली होती. पांढऱ्या मिशांचे परीक्षक एकेका विमानावरून बोट फिरवत चालले होते. धाकट्याच्या विमानापाशी ते बराच वेळ वाकून राहिले. डावा पंख आरशासारखा, आणि उजव्यावर रंगाचे ओघळ, मध्येच खरखरीत पट्टा, टोकाला विणीचे चौकोन.

“हे दोन पंख एका माणसाचे नाहीत,” परीक्षक म्हणाले.

क्लबचे टोपीवाले दोघे-तिघे वळून बघू लागले. धाकट्याने आपल्या सोललेल्या बोटांकडे पाहिलं.

“उजवा माझा आहे,” तो म्हणाला.

“आणि डावा?”

तिच्या मुठीत दोरी आवळली गेली. आता ‘वर्कशॉप’ म्हणाला, तर ती इथूनच पाठ फिरवणार होती, कायमची.

त्याने मान वर केली आणि थेट गर्दीतल्या तिच्याकडे पाहिलं. ती आल्याचं त्याने केव्हाच पाहिलं असावं, कारण त्याला शोधावं लागलं नाही.

“ताई,” त्याने हाक मारली. आवाज दबका होता. “इकडे ये. हे विचारतायत.”

तिने ऐकलं. दोरीखालून वाकून पलीकडे जायला एक पाऊल पुरेसं होतं. पण ती जागची हलली नाही. सगळ्यांना नीट ऐकू जाईल अशी आणखी एक हाक येईपर्यंत ती तशीच उभी राहिली.