धुण्याच्या दगडावरचा पत्रा

मित्रांनो, मी एक पत्रा आहे, जुना आणि खरं सांगायचं तर अर्धाच. लोक मला सिमेंटचा पत्रा म्हणतात. माझ्या अंगात सिमेंट आहेच, पण त्या सिमेंटला धरून ठेवणारे केसाहून बारीक धागेही आहेत. ते एका खनिजाचे आहेत. त्याला अ‍ॅस्बेस्टॉस म्हणतात. माझ्या साऱ्या आयुष्याचा घोळ त्या धाग्यांनी करून ठेवला. आज मी प्लास्टिकच्या दोन थरांत गुंडाळलेला, एका कुलूपबंद शेडमध्ये पडून आहे. विचार करायला वेळच वेळ आहे, पण जितका विचार करावा तितका मी गोंधळतो. तुम्हाला सांगून पाहतो.

कारखान्यात ओल्या लगद्यातून माझा जन्म झाला. साच्यावर घालून माझ्या अंगाला लाटा दिल्या, वाळवलं, ठोकून पाहिलं. तिथला मुकादम गिऱ्हाइकांना म्हणायचा, "आगीला भीत नाही, पाण्याला भीत नाही, गंजत नाही. जावई म्हणूनसुद्धा असा मिळायचा नाही!" सगळे हसायचे आणि मी फुगून जायचो.

मग मी एका फर्निचरच्या कारखान्याच्या छपरावर जायला निघालो. छप्पर घालणारा मिस्त्री तरुण होता, जेमतेम पंचविशीचा, पण हात असा सफाईदार की सुतळी न लावता ओळ सरळ यायची. शेवटच्या रांगेत मी लांब पडलो. त्याने पेन्सिलीने रेघ मारली आणि करवत चालवली. पांढरी धूळ भसाभस उडाली. त्याच्या भुवया, मिशा, केस सगळं पांढरं झालं. खालून कुणीतरी ओरडलं, "मिस्त्री, लग्न होऊन महिना नाही झाला आणि म्हातारे झालात की!" तोही हसला आणि बाहीने तोंड पुसून पुन्हा कापायला लागला. नाकाला साधा रुमालही नव्हता. कुणी सांगितलंच नव्हतं.

माझा एक तुकडा छपरावर गेला. उरलेला मी, मिस्त्रीच्या घरी आलो. घरामागच्या मोकळ्या जागेत धुणं धुवायचा दगड होता. चार पाइप रोवून त्याने मला त्या दगडावर बसवलं. त्याची बायको, शेजारपाजारचे तिला मिस्त्रीणबाई म्हणत, ती बाहेर आली आणि मान वर करून मला बघतच राहिली. "अहो, आता माझ्या डोक्यावर ऊन नाही की पाऊस नाही! तुम्ही मला राजवाडाच बांधून दिलात." इतकं कौतुक माझं पुन्हा कुणी केलं नाही.

रोज संध्याकाळी मिस्त्री कामावरून आला की माझ्याखाली शर्ट-पँट काढून ठेवायचा. ती ते कपडे आधी जोरजोरात झटकायची, फट्‌ फट्‌, आणि मगच भिजवायची. न झटकता भिजवले तर पाणी चिखलासारखं व्हायचं. उन्हाच्या तिरिपीत ती धूळ तरंगताना फार सुंदर दिसायची. पुढे त्यांची लेकही तिथेच पायरीवर बसून अभ्यास करायची. मिस्त्री स्टुलावर बसून सिगारेट ओढायचा. "धुण्याला वास लागतो, तिकडे जा," असं ती रोज म्हणायची आणि तो रोज एक पाऊल सरकायचा. सगळं घर त्याला धाक घालायचं, "एक दिवस ही सिगारेट तुम्हाला भोवणार." मीही तेच धरून चाललो होतो.

अशी पस्तीस वर्षं गेली. माझ्यावर शेवाळ चढलं, कडा झिजल्या. लेक लग्न होऊन गेली, औषधांच्या दुकानात कामाला लागली. आणि मग एका सकाळी मिस्त्रीणबाई चादर पिळता पिळता मधेच थांबली. दगडावर बसली. तिला धाप लागली होती. महिनाभरात ती चार पायऱ्याही चढेना. छातीत पाणी झालं होतं. दवाखाने झाले, तपासण्या झाल्या आणि घरात तो शब्द आला. कॅन्सर. फुप्फुसाच्या भोवतीच्या पडद्याचा.

मित्रांनो, माझी मती गुंग झाली. आयुष्यभर सिगारेट ओढली त्याने आणि आजारी पडली ती? जिने कधी सुपारीचं खांडही तोंडात टाकलं नव्हतं?

मग माझ्याखाली रोज कोर्ट भरायला लागलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "प्लास्टिकच्या डब्यात गरम गरम भरून ठेवायची ना, त्यानेच." मिस्त्रीने डबे फेकले. त्याचा भाऊ म्हणाला, "मोबाइल उशाशी घेऊन झोपते, दुसरं काय?" मोबाइल कपाटात गेला. कुणी म्हणालं केसांचा रंग, कुणी म्हणालं मनात दुःख दाबून ठेवलं. रोज नवा आरोपी. मीही प्रत्येकावर विश्वास ठेवत गेलो. एकदा काकू गेल्यावर मिस्त्रीणबाई एकटीच पुटपुटली, "माझ्याच हातून काहीतरी चुकलं असणार." ते ऐकून मला फार वाईट वाटलं. पण स्वतःकडे बघायचं मला सुचलंच नाही.

एका दुपारी तिघं दवाखान्यातून परत आली. मिस्त्रीणबाईला आत निजवून बाप-लेक माझ्याखाली आली. लेकीचे डोळे सुजले होते.

"बाबा, तुम्ही औषधं आणायला गेला होतात तेव्हा डॉक्टरांनी आईला विचारलं, काय काम करायचात. ती म्हणाली, काही नाही, घरीच असते. मग त्यांनी विचारलं, मिस्टर काय करायचे? आणि त्यांचे कपडे कोण धुवायचं?"

"कपड्यांचा काय संबंध?"

"पत्र्याच्या धुळीत धागे असतात. श्वासातून छातीत जातात आणि तिथेच राहतात, वर्षानुवर्षं. तिथल्या पेशींना सारखी इजा होते. दुरुस्त होता होता कधीतरी एखादी पेशी बिघडते आणि वाढतच सुटते. तीस-चाळीस वर्षांनी कळतं."

"धूळ मी खाल्ली. करवत मी चालवली." मिस्त्रीचा आवाज चिरकला. "मग मला का नाही झालं?"

"ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. अशाने धोका वाढतो, पण कुणाला होईल ते नेमकं कळत नाही. काहींना काहीच कारण सापडत नाही. वय असतं, काही घराण्यात असतं, काही नुसतं नशीब. पण जे आपल्या हातात आहे तेवढं तरी सोडायचं, बाबा. तंबाखू, दारू, अशी धूळ."

 मिस्त्रीने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. तशी नजर मी कधी पाहिली नव्हती. तो आत गेला आणि हातोडा घेऊन बाहेर आला.

मी खरंच सांगतो, मला वाटलं, मार. दोन घाव घाल आणि मोकळा हो. माझीही सुटका होईल आणि तुझीही.

"बाबा, थांबा!" लेक धावत आली आणि तिने त्याचं मनगट धरलं. "फोडू नका. फोडलात तर सगळे धागे बाहेर येतील. अखंड आहे तोवर धोका कमी आहे."

"याने तुझ्या आईला—"

"माहीत आहे. पण आई आत झोपली आहे. खिडकी उघडी आहे."

तेवढ्यात आतून मिस्त्रीणबाईचा आवाज आला, दम खात खात. "अहो... त्याला काय मारता? मला हवा होता म्हणून आणलात ना? ठेवा तो हातोडा. आणि खिशात ती डबी आहे ना, ती टाका. तुमच्या छातीत पण तीच धूळ आहे आणि वरून धूर. डॉक्टर मला म्हणाले, दोन्ही मिळून फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका कितीतरी पटींनी वाढतो. आत्ता सोडलीत तरी फायदा आहे म्हणाले."

हातोडा जमिनीवर पडला. सिगारेटची डबी त्याने बादलीत बुडवली. पहिल्या आठवड्यात तो माणसात नव्हता, दोनदा उधारीची सिगारेट ओढून आला आणि दोनदा बायकोपुढे खाली मान घालून उभा राहिला. पण तिसऱ्या महिन्यानंतर त्याने पुन्हा हात लावला नाही. लेकीनेही स्वतःच्या डॉक्टरांना सांगून ठेवलं, मी लहानपणी त्या धुळीत बसायचे.

मिस्त्रीणबाई चौदा महिने जगली. शेवटी शेवटी ती खुर्ची दाराशी ओढून घ्यायची आणि नवऱ्याला कपडे धुताना बघायची. "कॉलर नीट घासा," एवढं म्हणायची आणि हसायला गेली की खोकायची. ती गेली तेव्हा माझ्याखाली माणसं उभी होती आणि कुणीही, तिचंच काही चुकलं, असं म्हटलं नाही.

त्यानंतर मिस्त्री सकाळी बाहेर पडायला लागला. जिथे जुनी छपरं उतरवायचं काम चालू असेल तिथे जाऊन उभा राहायचा आणि मजुरांना मास्क लावायला, पत्रे भिजवून उतरवायला सांगायचा. घरी येऊन लेकीला फोनवर सांगायचा, "आज दोघांनी ऐकलं. तिसरा म्हणाला, म्हातारबुवा, घरी जाऊन आराम करा." दुसऱ्या दिवशी तो पुन्हा त्या तिसऱ्याकडे जायचा.

शेवटी मला उतरवणारी माणसं आली. पांढरे पोशाख, तोंडाला घट्ट मास्क. त्यांनी मला पाण्याने चिंब भिजवलं, एकेक बोल्ट सैल केला, घासू दिलं नाही की पाडू दिलं नाही. मिस्त्रीला लांब उभं केलं होतं. मला खाली घेताना एकाचा मास्क नाकावरून घसरला. तो तसाच काम करत राहिला.

"ए, थांब!" मिस्त्री लांबूनच ओरडला. "आधी तो नाकावर घे. घाई कसली आहे तुला?" तो माणूस थांबला. मास्क नीट बसवला. मिस्त्रीने मान हलवली, तेव्हा कुठे मला उचलू दिलं.

मी गुन्हेगार आहे का, मला अजून कळलेलं नाही. मला घडवताना कुणी विचारलं नव्हतं आणि तिला मी सावली दिली हेही खरं आहे. मित्रांनो, माझ्यासारखा कुणी तुमच्या छपरावर असेल तर त्याला कापू नका, घासू नका, फोडू नका. जाणत्या माणसांना बोलवा. आणि धुळीच्या कामावरून कुणी घरी येत असेल, तर त्याला कपडे तिथेच बदलून, अंघोळ करून यायला सांगा.