दादाच्या पायामागे

बँडमध्ये बेस गिटार वाजवणाऱ्याकडे कुणी बघत नाही. लोक गाणाऱ्या बाईकडे बघतात, गिटारवाल्याच्या केसांकडे बघतात, आणि बेसवाला म्हणजे मागे उभा असलेला तो मुखदुर्बळ माणूस, बिचाऱ्याला चारच तारा दिल्यात म्हणून दया दाखवायची. धाकटा बेस वाजवायचा, पण त्याला याचं कधी वाईट वाटलं नाही. त्याच्याकडे एका माणसाने बघितलं की त्याला पुरायचं, आणि तो माणूस शेजारीच ड्रमसेटवर बसलेला असायचा. त्याचा दादा.

दादानेच त्याला शिकवलं, आणि शिकवायची रीत अशी की एखाद्या शाळेत सांगाल तर हाकलून देतील. गाजलेल्या गाण्याची कॅसेट लावायची, टेपचा आवाज पार वर चढवायचा, आणि धाकट्याला शेजारच्या खोलीत ढकलून दार लावून घ्यायचं. भिंतीतून गाणाऱ्याचा गळा येत नाही, गिटार येत नाही, सगळी झगमग पलीकडेच राहते. येतो तो फक्त बेस, आणि पायाने पेडल दाबून वाजवतात त्या मोठ्या ड्रमचा ठोका. गाणं संपलं की दादा दार उघडायचा.

"काय ऐकलंस?"

"धुम्... धुधुम्."

"बोटं लावू नकोस अजून. आधी तोंडाने म्हण. तोंडाला आलं की बोटाला आपोआप येतं."

भल्याभल्या वादकांचं काम धाकट्याने असं भिंतीला कान लावून चोरलं. त्यातून शिकला काय, तर थोर बेसवाला कमी वाजवतो, आणि जे वाजवतो ते ड्रमच्या पायाला चिकटून वाजवतो. "बाकी जग बुडालं तरी चालेल," दादा म्हणायचा, "तुझं लक्ष माझ्या पायावर पाहिजे." पुढे दोघांचे केस पिकले, दादाचं लग्न झालं, धाकट्याचं राहिलं ते राहिलंच. पण लक्ष कधी ढळलं नाही.

म्हणून तर पाय मागे पडायला लागला ते सगळ्यांत आधी त्यालाच कळलं. केसभर उशीर. ऐकणाऱ्याला कळू नये इतका. एकदा गाडीत सामान चढवताना त्याने हळूच विचारलं, "दादा, पाय दुखतो का रे?"

"पायाला काय धाड भरलीय? पेडलची स्प्रिंग ढिली झालीय."

दादाने नवं पेडल आणलं. मग म्हणाला, बुटाचा तळ घसरतो. मग अनवाणी वाजवायला लागला. उशीर होता तिथेच होता, उलट वाढतच चालला होता.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? भावाला धरून डॉक्टरकडे नेलं असतं. पण धाकट्याने दादाला ड्रमवाचून कधी पाहिलंच नव्हतं. ड्रम सुटला तर हा माणूस सकाळी उठेल कशासाठी, या एका भीतीने त्याने तोंड शिवून घेतलं आणि जे त्याला येत होतं ते केलं. दादाच्या चुकीवर पांघरूण घातलं.

आणि घातलं कसं, तेही ऐका. नव्या तारा खणखणतात, त्यांचा सूर कुठे सुरू झाला ते लख्ख कळतं. धाकट्याने त्या काढल्या आणि जुन्या, मळलेल्या, बसक्या आवाजाच्या तारा चढवल्या. तारा जिथे संपतात तिथे त्यांच्याखाली स्पंजचा तुकडा खोचला, म्हणजे आवाज दबावा. दोन बोटांनी टिपायचं सोडून अंगठ्याच्या मांसल भागाने वाजवायला लागला, म्हणजे सुराला कड राहू नये. आधीचा सूर किंचित लांबवायचा आणि पुढचा दादाच्या पायाबरोबर सोडायचा, पाय येईल तेव्हा, मग तो कधीही येवो. दोघं एकदम उशिरा आले की तो उशीर वाटत नाही, गाणं जरा आळसावल्यासारखं वाटतं इतकंच. असलं कसब शंभरात एकाला जमत नाही. पण कशासाठी वापरलं बघा!

"स्पंज काय घातलास?" दादा हसला. "वाजवून झाल्यावर भांडी घासणार का?"

"जुन्या गाण्यांना बरा वाटतो."

एका दुपारी तो दादाकडे जेवायला गेला होता. वहिनी ताट वाढता वाढता म्हणाल्या, "भाऊजी, हल्ली ह्यांची चप्पल चालता चालता पायातून निसटते आणि ह्यांना पत्ताच नसतो. परवा एकाच पायात चप्पल घालून दुकानातून परत आले. हे काय असेल हो?"

दोष चपलेचा नव्हे, पायाचा, हे धाकट्याला तिथेच कळलं. तेव्हा बोलायचं होतं. तेव्हाच.

"काय असायचंय? चपला जुन्या झाल्यात, वहिनी. कंजूष माणूस आहे तुमचा नवरा, माहीत नाही का?" तो म्हणाला, आणि हसला. वहिनीही हसल्या आणि त्यांनी आमटी वाढली.

बँड कीबोर्डवाल्याच्या नावावर होता, म्हणून त्याला सगळे मालक म्हणत. एका मोठ्या हॉटेलच्या हॉलमध्ये दर आठवड्याला संध्याकाळचा कार्यक्रम असायचा. एके दिवशी सरावाच्या खोलीत मालकाने मागच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग लावलं आणि सगळ्यांना गप्प बसून ऐकायला सांगितलं.

"गाणी बसत चाललीत," मालक म्हणाला. "कुणीतरी मागे ओढतंय."

"बेस," गिटारवाला म्हणाला. "पिठात पडल्यासारखा वाजतोय."

"मला तर आधार धरायला कुठे सूरच सापडत नाही," गाणारी बाई म्हणाली.

दादा मान खाली घालून ऐकत होता. धाकटा त्याच्याकडे बघत होता. अरे, तुला तरी कळू दे, त्याच्या मनात येत होतं, आणि लगेच, नको, तुला तर मुळीच नको.

दादाने मान वर केली. "बरोबर आहे. त्याचं लक्ष नसतं हल्ली."

"मग काय करायचं?" मालकाने विचारलं. "भाऊ आहे तुमचा."

"भाऊ घरी. इथे जो वेळेवर येतो तो माझा." दादा धाकट्याकडे न बघता म्हणाला, "दुसरा बघा."

एक वाक्य धाकट्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते बोलला असता तर त्याची जागा राहिली असती आणि दादाची गेली असती. त्याने वायर गुंडाळायला घेतली. "दमलो असेन मी," तो म्हणाला. "जरा विश्रांती घेतो." दाराबाहेर पडल्यावर मात्र तो जिन्यात बसून लहान मुलासारखा रडला.

त्याच्या जागी एक मुलगी आली. पाच तारांचा बेस, कानात ताल मोजणाऱ्या यंत्राची टिकटिक, बोटं अशी की दृष्ट लागावी. तिला नावं ठेवायला जागा नाही. ती फक्त वेळेवर वाजवत होती.

तिच्या पहिल्या कार्यक्रमाला धाकट्याला घरी बसवेना. तो मागच्या दाराने, स्वयंपाकघराच्या बोळातून आत शिरला. वाढपी ओळखीचे होते, कुणी अडवलं नाही. बोळातच, हॉलच्या भिंतीला पाठ लावून तो उभा राहिला आणि पहिलं गाणं सुरू झालं.

भिंतीतून गाणाऱ्या बाईचा गळा आला नाही, गिटार आली नाही. आला तो बेस, लख्ख, रेघ ओढल्यासारखा. आणि त्याच्यामागून दादाचा पाय. मागून! धुम्, आणि मग ढप. धुम्, आणि मग ढप. मधली फट इतकी मोठी होती की धाकट्याने डोळे मिटून घेतले. इतके दिवस या फटीत तो स्वतः उभा होता, म्हणून ती केवढी झालीय हे त्यालाही कळलं नव्हतं.

दुसऱ्या गाण्यात पाय धावत सुटला, बेसच्या पुढे गेला, पुन्हा कोसळला. बोळातल्या दाराला एक गोल काच होती. धाकट्याने तिच्यातून पाहिलं. दादा घामाने निथळत होता. त्याने डावीकडे मान वळवली, जिथे धाकटा उभा असायचा तिथे. तिथे ती मुलगी होती, घाबरलेली. दादा तिच्याकडे बघतच राहिला, आणि मग भर गाण्यात त्याने काड्या मांडीवर ठेवल्या.

भिंतीला धरून धरून तो बोळात आला, अनवाणी. धाकट्याला पाहून त्याला नवल वाटलं नाही.

"कधीपासून?"

"बरेच दिवस झाले, दादा."

"आणि तू मला सांभाळत होतास."

"हो."

दादाने हात उचलला. आता मारतो की काय, असं धाकट्याला वाटलं, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं. पण हात त्याच्या खांद्यावर येऊन टेकला, कारण दादाला उभं राहता येत नव्हतं.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी फोटो दिव्यासमोर धरून दाखवले. मानेच्या मणक्यात मज्जारज्जू दाबला गेला होता. ऑपरेशन केलं तर आणखी बिघडायचं थांबेल. गेलेलं परत येईल अशी आशा धरू नका, त्या म्हणाल्या. ड्रमचं तर विसराच.

"हे हळूहळू वाढत आलंय. वर्षभर आधी आणलं असतंत तर पाय वाचला असता बहुतेक. घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

त्या निघून गेल्या. वहिनी खाटेच्या कडेला बसल्या होत्या. त्या धाकट्याकडे वळल्या.

"मी चपलेचं बोलले होते तुमच्यापाशी. तुम्ही हसलात, म्हणून मीही हसले. मला मेलीला काय कळतंय? पण भाऊजी, तुम्ही तर सतत ह्यांच्या शेजारी उभे. तुम्हाला कसं नाही हो कळलं?"

धाकट्याने तोंड उघडलं. दादाचे डोळे छताकडे होते.

"त्याला काय विचारतेस?" दादा म्हणाला. "त्याचं लक्ष कधी होतं माझ्याकडे?"

वहिनींनी धाकट्याकडे पाहिलं ते असं, की परक्या माणसाकडेही त्यांनी कधी तसं पाहिलं नसेल. दादा त्याला वाचवत होता. बेफिकीर दिराला त्या कधीतरी माफ करतील, जाणूनबुजून गप्प बसलेल्याला या जन्मात नाही, हे दादाला पक्कं ठाऊक होतं. खोटं होतं ते. आयुष्यभर ज्याने दुसरीकडे पाहिलं नाही त्याच्यावर घातलेला आळ होता. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं, आणि त्या बाईचा तेवढा हक्क होताच. पण जन्माची सवय. दादा जिथे ठोका देईल तिथेच आपला सूर सोडायचा, तो चुकतोय हे कळत असलं तरी.

"हो, वहिनी," धाकटा म्हणाला. "माझं लक्षच नव्हतं."