शेवटच्या पिंजऱ्याची राखण

ओळखलंत का मला? नाही ना? साहजिकच आहे. मी डास ओढायची नळी. माझं एक टोक काचेचं, दुसरं रबराचं आणि मधे बारीक जाळी. रबराचं टोक तोंडात धरायचं, काचेचं डासाजवळ न्यायचं आणि हलकेच श्वास ओढायचा. डास अलगद माझ्या पोटात येतो. मग फुंकर मारली की तो दुसऱ्या पिंजऱ्यात. मधली जाळी नसती तर तो थेट घशात गेला असता, तेव्हा माझ्या जाळीला नावं ठेवू नका.

एका काच फुंकणाऱ्या कारागिरानं मला घडवलं, म्हणजे माझ्यातला पहिला श्वास त्याचा. पण जन्मभर मी जगले ती ताईच्या श्वासावर.

ताई डासांच्या प्रयोगशाळेत कामाला होती. एक उबदार, दमट खोली, पांढऱ्या जाळीचे पिंजरे, साखरपाण्यात बुडवलेले कापसाचे बोळे आणि अळ्यांचे पसरट ट्रे. नर बिचारे साखरपाण्यावर खूश असत. माद्यांना मात्र अंडी घालायला रक्त लागतं, आणि ते पाजायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. ताई बाही वर सारायची, एक हात पिंजऱ्यात घालायची आणि दुसऱ्या हातानं चहा प्यायची. नवीन आलेली माणसं तोंड वाकडं करायची. "निरोगी आहेत हो या," ती म्हणायची, "घरच्याच आहेत."

गंमत म्हणजे ती आली होती त्यांचा नायनाट करायला. तिची धाकटी बहीण डासांच्या तापानं गेली होती. सकाळी डोकं दुखतंय म्हणाली, आणि आठवडा संपायच्या आत तिचं अंथरूण गुंडाळलं गेलं. दोघींना आईबाप नव्हते, मामानं वाढवलेलं. धाकटी गेल्यावर ताईनं ठरवलं, ही जातच उरता कामा नये.

आम्ही कामाला लागलो. ज्यांची पिल्लं जगणार नाहीत असे नर आमच्या खोलीत वाढवले. मी ते ओढून डब्यांत भरले, आणि डबे गल्लोगल्ली उघडले गेले. बाहेरच्या माद्या त्यांच्याशी जुळल्या आणि त्यांची अंडी वाया गेली. दुसऱ्या शहरांतही हेच चाललं होतं. काही वर्षांत ती जात बाहेर दिसेनाशी झाली. इस्पितळातला तापाचा वॉर्ड ओस पडला, तिथल्या नर्स खिडकीत उभ्या राहून गप्पा मारू लागल्या. त्या काळात ताईचा श्वास कसा मोकळा यायचा, काय सांगू!

ताईला एक खोड होती. काम संपलं की मला गळ्यातून काढायचं विसरायची आणि तशीच घरी जायची. त्यामुळे मी घर पाहिलं, तळं पाहिलं आणि मामाही पाहिला. "आला बघा दागिना," तो रोज म्हणायचा.

मामा संध्याकाळी तळ्याच्या पायरीवर बसायचा. तिथं पाकोळ्या यायच्या, लांब पंखांची चिमुकली पाखरं. पाण्यावरून सपकन जायच्या, हवेतले किडे टिपायच्या. धाकटी लहानपणी त्याच्याशेजारी बसून वाट बघायची आणि पहिली पाकोळी दिसली की ओरडायची, "आल्या!" मामा अजून तिच्यापुरती जागा सोडून बसायचा. ताई त्या जागेवर कधी बसली नाही.

"सगळे डास मारलेत तर या काय खातील गं?" तो एकदा म्हणाला.

"सगळे नाही, एकच जात. त्या काय तेवढ्यावरच जगतात का?"

"जगत नसतीलही. मला कुठं ठाऊक? तुला आहे का?"

ताईनं मला तोंडात धरलं. बोलायचं नसलं की ती हेच करायची.

"नळी तोंडात घातली की सुटलीस," मामा म्हणाला.

पुढे इतर प्रयोगशाळांनी आपापले पिंजरे संपवले. जगात त्या जातीचा एकच पिंजरा उरला, आमच्या खोलीतला. तो राखायचा की संपवायचा? ठरवायला समिती बसली. तिच्यात अर्धे म्हणाले राखा, पुढेमागे चुकलो असं कळलं तर परत आणता येईल. अर्धे म्हणाले संपवा, चुकून बाहेर सुटले तर पुन्हा तोच ताप. प्रयोगशाळेच्या साहेबांनी वर विचारलं. वरून उत्तर आलं, तुम्हीच ठरवा. साहेब ताईला म्हणाले, "इतकी वर्षं हात तुम्ही दिलात. ठरवाही तुम्हीच."

संपवायला काही करावं लागणार नव्हतं. हात घालायचा नाही, एवढंच. रक्त नाही तर अंडी नाहीत, आणि अंडी नाहीत तर पुढची पिढी नाही. ताईनं हात घालणं बंद केलं. माद्या जाळीला चिकटून तिच्या बाजूला सरकायच्या. ती पाठ फिरवून बसायची आणि मला उगाच पुसत राहायची. मला त्या माद्यांच्या पायांच्या गुदगुल्या आठवायच्या. त्यांनी धाकटीला नेलं हे माहीत असूनही आठवायच्या. मी काचेची असले तरी दगडाची नाही.

तशातच एका दुपारी मामा आला. ताईचा डबा घेऊन तो नेहमी फाटकापर्यंत यायचा, त्या दिवशी थेट खोलीत आला. बाही वर करतच.

"यातला कुठला तो पिंजरा? तुला नको असेल तर माझा हात घाल."

"मामा, वेडा झालास का?"

"मला ते अन्नसाखळीबिखळी समजत नाही. त्या पाकोळ्या आल्या की मला तिचा आवाज ऐकू येतो, एवढंच समजतं. त्या यायच्या थांबल्या तर ती पुन्हा एकदा जाईल. माझ्यानं नाही सोसवणार आता."

"आणि या सुटल्या तर? दुसऱ्या कुणाची धाकटी जाईल त्याचं काय? कुणाची तरी जावी म्हणून राखू का मी यांना?" ताईचा आवाज फाटला. "तिला कुणी पिंजऱ्यात राखून ठेवलं होतं का परत आणायला?"

मामानं पिंजऱ्याच्या तोंडाला शिवलेली कापडी बाही शोधली आणि हात आत घातला. सुरकुतलेला, ठिपक्याठिपक्यांचा हात. भुकेल्या माद्या त्यावर उतरल्या. त्यानं डोळे मिटून घेतले, पण हात हलू दिला नाही. ज्यांनी त्याचं पोर नेलं, त्यांना तो रक्त पाजत होता.

ताईनं सवयीनं मला तोंडाशी नेलं. मग खाली ठेवलं. हळूच त्याचा हात बाहेर काढला, आणि त्या जागी आपला घातला. मग ती रडली. पहिल्यांदाच, मला वाटतं.

"राखते," ती म्हणाली. "पण दोन दारं आणि दोन कुलपं लावून. आणि मी आहे तोवर दुसरा कुणी या खोलीत पाऊल टाकणार नाही."

त्यालाही बरीच वर्षं झाली. मामा आता नाही. माझ्या काचेची कड उडाली आहे, रबर कितीदा बदललं ते आठवत नाही. ताईचे केस पांढरे झालेत, श्वास आखूड झालाय. एखादा डास ओढताना तिला मधेच थांबावं लागतं. ती निवृत्त होईल तेव्हा पिंजऱ्याचं काय, हा प्रश्न पुन्हा निघेल. तेव्हा ठरवायला तुमच्यापैकी कुणी बसलात तर माझी एक विनंती आहे. राखा म्हणा, नाहीतर संपवा म्हणा. पण म्हणण्याआधी एकदा बाही वर करून हात आत घाला.

काल ताई मला गळ्यात घेऊन तळ्यावर गेली. पायरीवर आता दोन जागा रिकाम्या असतात. ती बराच वेळ उभी होती, मला तोंडात धरून. मग पाण्यावरून काहीतरी सपकन गेलं. एक, आणि मागून आणखी. तिनं मला तोंडातून काढलं आणि धाकटीच्या जागेवर बसली.

"आल्या," ती म्हणाली.