चहाच्या गावातली कॉफीची मशीन

मी डॉक्टर इमके फोल्केर्ट्स यांच्या दवाखान्यातली कॉफीची मशीन बोलतेय. माझा जन्म मिलानचा, अंगाला चकाकी. आणि नेमणूक कुठे, तर जर्मनीच्या पूर्व फ्रिसलँडात, जिथे माणसं दात यायच्या आधीपासून चहा पितात.

मला इथे आणलं हॅनोवरच्या क्रोनेबर्ग नावाच्या सल्लागारांनी. इमकेने नुकताच हा दवाखाना घेतला होता आणि तो तोट्यात होता. वर्षभरात नफा दिसला नाही तर कुलूप. मग गावाला डॉक्टर चाळीस किलोमीटरवर.

"खासगी विमावाल्यांना तपासलं की सरकारी विम्याच्या दुप्पट पैसे मिळतात," क्रोनेबर्ग म्हणाले. "त्यांना वेगळी खोली द्या, कॉफी द्या. आणि बाहेरची ती चहाची किटली आधी हलवा. लोक तीन-तीन कप पीत बसतात. दवाखाना आहे की चावडी?"

किटली गेशेबाईंची. त्या तीस वर्षं दारापाशी बसून रुग्णांची नावं नोंदवून घेतायत. "चावडीच आहे," असं म्हणून त्यांनी ती कपाटात ठेवली.

खासगी खोलीत मी ऐटीत उभी. पहिले आले जहाजवाले ब्रोन्स.

"गेशे, चहा कुठाय?"

"नफ्यात गेला."

ब्रोन्स उठले आणि बाहेर सगळ्यांत जाऊन बसले. त्यांच्यामागून बाकीचे खासगीवालेही.

पण बाहेर तरी काय? चहा नाही, म्हणून माणसं मुकी. पूर्वी दुसऱ्या कपाला कुणी सांगायचं, "पाय सुजतात गं, पण एवढ्यासाठी डॉक्टरला काय त्रास द्यायचा." गेशेबाई ते चिठ्ठीवर टिपून आत धाडायच्या. आता तेवढंच काढून घ्यायला इमकेला वीस मिनिटं लागायला लागली. दिवसाचे रुग्ण निम्म्यावर आले.

"किटली बाहेर काढा," एका दुपारी इमके म्हणाली. "आणि ती रिकामी खोली मला द्या. एकीकडे एक जण बूट घालेल, तोवर दुसरीकडे मी दुसऱ्याला तपासेन."

"म्हणजे सगळ्यांना सारखंच?" गेशेबाईंनी विचारलं.

"हो. फक्त जास्त जणांना."

वर्ष संपलं तेव्हा दवाखाना नफ्यात होता. क्रोनेबर्ग आले, आकडे बघून खूश झाले. "बघा, मशीनने काम केलं की नाही." कुणी त्यांची समजूत मोडली नाही. गेशेबाईंनी त्यांना चहा दिला. इकडे रिकाम्या कपात चमचा ठेवला की त्याचा अर्थ 'आता पुरे'. नाही ठेवला तर कप भरतच राहतो. हे त्यांना कोण सांगणार? पाचव्या कपाला गृहस्थ हळूच म्हणाले, "जिना चढताना छातीत जरा दाटतं. एवढं काही नाही म्हणा."

गेशेबाईंनी चिठ्ठी लिहिली. "विमा कुठला?"

"खासगी."

"छान. या आत. पण नसता तरी आतच बोलावलं असतं हो."

औषध वेळेवर सुरू झालं, एवढं मला कळलं. हल्ली ते दर तीन महिन्यांनी येतात आणि चहाच पितात.

मला अजून चालू ठेवतात, कारण माझ्या डोक्यावर चहाचे कप छान गरम होतात. राग नाही. फक्त एक मागणं आहे: तुमच्यापैकी कुणी या बाजूला आलंच, तर एकदा माझं बटण दाबा. मिलानला कळवायला मला काहीतरी हवं.