वजनाच्या चौकटीची हाक

मित्रांनो, मी एक जुनी चौकट आहे. दाराची नव्हे, फोटोचीही नव्हे. न्हावऱ्याच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवर 'वजन' या शब्दापुढे बोटभर लांबीची पांढरी जागा दिसते, ती मी.

मला मोनिकाने घडवले. ती हरिबाआबांची लेक. आबांच्या वडिलांचा जन्म मेंढरांमागे रानोमाळ गेला. आबा शेतीत स्थिरावले, तरी वीसेक मेंढरे आजही दारात आहेत. मोनिका रोज एसटीने दौंडला जाऊन कॉम्प्युटर शिकली आणि तिने पहिले काम केले ते गावच्या दवाखान्याचे. माझ्यातला आकडा बदलला की मी हाक मारायची, शेजारच्या 'औषध' चौकटीने ती ऐकायची आणि वजनाप्रमाणे आपला आकडा बदलायचा, असे तिने आम्हाला शिकवले. डॉक्टर सुलक्षणाबाईंनी तर पहिल्या महिन्यातच माझे इतके कौतुक केले, की मी जरा शेफारलेच.

पण माझ्यात एक खोट होती. आकडा लिहून कोणी पुढच्या चौकटीत नेणारे टॅबचे बटण दाबले, तरच मी हाक मारत असे. तोवर माझ्यात नवा आकडा आणि शेजारणीकडे जुनाच.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी आबा जंताचे औषध पाजायला एक कोकरू घेऊन आले. त्याची आई मेली होती. गिताबाईंनी, म्हणजे मोनिकाच्या आईने, त्याला बाटलीने दूध पाजून जगवले होते. डॉक्टरबाई एका गोठ्यावर गेल्या होत्या. कंपाउंडर मच्छिंद्रमामांनी कोकराचे वजन केले, बारा किलो. कोकरू भारी वळवळे. मामांनी ते एका बगलेत दाबले आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने माझ्यात बारा लिहिले. टॅब राहिला. शेजारणीकडे आधीच्या अडतीस किलोच्या मेंढ्याचेच औषध दिसत होते. मामांनी तेवढी पिचकारी भरली. मला सगळे कळत होते, पण तोंड बांधलेले होते.

आबांनी मामांचे मनगट धरले. "मच्छिंदर, थांब. ह्ये कोकरू हाय, मेंढा न्हाई."

"आबा, कंप्युटर सांगतोय. तुमच्याच पोरीनं केलाय न्हवं?"

"पोरगी माजी हाय, तशी मेंढरं बी माजीच हायत. येवढं औषध म्या जल्मात कोकराला पाजलं न्हाई."

मामांनी पडदा पुन्हा पाहिला, टॅब दाबला. शेजारणीचा आकडा एकदम तिसऱ्या हिश्श्यावर आला. मामांनी पिचकारीतले औषध परत बाटलीत ओतले. कोकरू वाचले, पण मी शरमेने मेले.

दुपारी एसटीतून उतरून मोनिका तडक दवाखान्यात आली. निरोप धाडून आबा कोकरासह तिथेच थांबले होते. मामा खाली मान घालून म्हणाले, "चुकी माजी हाय, पोरी. टॅब दाबायचा राह्यला."

मोनिकाने मान डोलावली असती तर कोणी तिला बोल लावला नसता. पण तिने ते कोकरू स्वतःच्या बगलेत घेतले आणि आकडा लिहून पाहिला. मग म्हणाली, "मामा, एक हात कोकराला, एक आकड्याला. टॅब दाबायला तिसरा हात कुठनं आनायचा? चूक माझ्या चौकटीची हाय."

मित्रांनो, अशी घडवणारी मिळायला भाग्य लागते. तिथेच बसून तिने मला सुधारले. आता एकेक आकडा उमटताच मी हाक मारते. नवे जनावर आले की मी आधी कोरी होते, आणि मी कोरी असले की शेजारीणही कोरी राहते.

त्याला पाच वर्षे झाली. तालुक्याच्या गावी सगळे मोबाइलवर चालते म्हणतात. माझ्या पडद्यावर धूळ बसते, ती कोणी पुसत नाही. पण काल आबांबरोबर तेच कोकरू, आता चांगली थोराड मेंढी, स्वतःचे पिलू घेऊन आले. मामांनी पिलू बगलेत धरले, एका बोटाने वजन लिहिले. मी लगेच हाक मारली, औषधाचा आकडा बरोबर आला. तरी मामांनी पिचकारी भरली नाही. ते वळून म्हणाले, "आबा, बराबर हाय का?"

आबांनी पिलाच्या पाठीवरून हात फिरवला. "हाय. भर."

मित्रांनो, आमच्यावरची धूळ तेवढी पुसत जा. आणि आमचा आकडा कितीही बरोबर असला, तरी ज्याच्या हाताला जनावर कळते त्याला एकदा विचारत जा. मला त्याचा राग येत नाही. त्या दिवशी मला हाक मारता आली नव्हती, ती आबांनी मारली होती.