दुमडलेलं टोक

वायरमनने पुढच्या खोलीतलं कामाचं टेबल भिंतीपासून ओढलं, तसा घरातला थोरला मुलगा घाईने पुढे झाला.

"तिथे काही नाही," तो म्हणाला. "सरळ नवी वायर टाका. भिंत फोडावी लागली तरी चालेल."

घरात एक खिळा ठोकायचा तर आठवडाभर विचार करणारा हा पन्नाशीचा गृहस्थ आज भिंत फोडायला निघाला होता. वायरमनने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि पेचकस शोधायला घेतला. त्याने सकाळीच सगळं समजावून सांगितलं होतं. मधल्या भिंती जाडजूड, म्हणून मागच्या खोलीत इंटरनेट पोचत नाही. पण टीव्हीची जुनी केबल पुढच्या खोलीतून थेट तिथवर गेलेली आहे. दोन्ही टोकांना एकेक डबी लावली की तीच केबल इंटरनेटही वाहून नेईल. तोडफोड नको, धूळ नको.

मागच्या खोलीत आई राहायची. दूरदेशी असलेल्या धाकट्या लेकीला बाळ झालं होतं, आणि त्याला फोनवर बघायचं तर आईला स्वयंपाकघरात ओट्याशी उभं राहावं लागे, कारण नेटवर्क तिथपर्यंतच. दहा मिनिटांत तिचे गुडघे बोलायला लागत आणि "बरं, ठेवते" म्हणून ती फोन बंद करी. आपल्या पलंगावर बसून नातवाला पोटभर बघावं, एवढंच तिचं मागणं होतं.

डब्या लावल्या, पण त्यांच्यावरचा दिवा काही लागेना. केबल मध्येच कुठेतरी तुटली होती. वायरमनने मागच्या टोकाला एक यंत्र जोडलं आणि दुसरं भिंतीवरून फिरवत तो पुढे आला. चिवचिव करणारं ते यंत्र नेमकं टेबलामागच्या भिंतीत केबलवर बसवलेल्या झाकणाशी येऊन गप्प झालं.

"उंदरांनी खाल्ली असेल," थोरला म्हणाला.

तीन वर्षांपूर्वी आईलाही त्याने हेच सांगितलं होतं. तेव्हा तो नुकताच घरून काम करायला लागला होता आणि मागून दिवसभर टीव्हीचा आवाज येई. एकदा ऐन बैठकीत साहेबांनी विचारलं, नायिकेचं लग्न ठरलं का हो शेवटी? सगळे हसले. त्याच दुपारी त्याने पक्कड काढली. आवाज कमी कर, असं आईला सांगणं त्याच्या जिवावर आलं. केबल कापणं मात्र जिवावर आलं नाही. आईने दोनदा विचारलं, मग टीव्हीवर चादर घातली आणि पुन्हा विषय काढला नाही.

वायरमनने झाकण उघडलं. आईही येऊन दारात उभी राहिली होती. केबल एका घावात कापलेली होती आणि दोन्ही टोकांना काळी चिकटपट्टी नीट गुंडाळलेली होती.

"उंदीर मोठा टापटिपीचा दिसतोय," वायरमन म्हणाला.

थोरल्याने हसून बघितलं. "आधीच्या कुणा कारागिराचं काम असेल."

आई चष्मा सारखा करत वाकली. पट्टीचं शेवटचं टोक आत दुमडलेलं होतं, चिमटीत येईल एवढं. ही सवय वडिलांची. केबल त्यांनीच घातली होती. ते सांगायचे, टोक दुमडून ठेवावं, म्हणजे पुढे सोडवणाऱ्याला नखांनी कोरत बसावं लागत नाही. ते गेल्यापासून या घरात असं टोक दुमडणारं माणूस एकच उरलं होतं.

आईने ते टोक धरून ओढलं. पट्टी सरळ सुटत आली. धरणी पोटात घेईल तर बरं, असं थोरल्याला झालं.

"ज्याने केलं, चांगलं केलंय," आई वायरमनला म्हणाली. "लगेच सुटली बघा."

थोरल्याकडे तिने पाहिलंही नाही.

केबल जोडली, दोन्ही दिवे लागले, वायरमन सामान आवरून गेला. थोरल्याने टेबल परत भिंतीशी सरकवलं आणि तो खुर्चीत बसला. शब्द मोजून चार-पाचच होते, पण तोंडाशी येऊन परत जात होते. शेवटी लाज वाटायचीही लाज वाटायला लागली, तेव्हा तो उठला.

आईच्या खोलीचं दार बंद होतं. आतून बाळाचं कुरकुरणं ऐकू येत होतं. त्याने कडीकडे हात नेला, तेवढ्यात दाराखालच्या फटीत काहीतरी हललं. टीव्हीवरची चादर होती ती. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून आई, ते गुडघे घेऊन, जमिनीवर बसून चादर फटीत खोचत होती.

"आई," तो दाराबाहेरूनच म्हणाला. "वायर मी कापली होती."

आतली बोटं थांबली. मग चादर आणखी थोडी घट्ट बसली.

"माहीत आहे रे," आई हळू आवाजात म्हणाली. "जा, तुझी बैठक असेल."

त्या दिवशी रविवार होता.